विहीर पडलेली मेणबत्ती

दिवाळीच्या फराळाबरोबर हल्ली काचेच्या ग्लासातली एक सुगंधी मेणबत्तीही घरी येते. वर वाळवलेल्या गुलाबाच्या दोन पाकळ्या, गळ्याशी सुतळीची गाठ आणि ‘सोया वॅक्स’ लिहिलेली चिठ्ठी. पहिल्या संध्याकाळी घरभर मोगरा दरवळतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र वात ग्लासाच्या मधोमध खोल उतरलेली असते, कडेला बोटभर जाडीची मेणाची भिंत जशीच्या तशी उभी असते आणि तळाच्या तळ्यात ज्योत गटांगळ्या खात असते. मेणबत्त्या करणारे याला ‘टनेलिंग’ म्हणतात. ‘विहीर पडली’ म्हटलं की मराठी माणसाला ते न पाहताही दिसतं. निम्म्याहून जास्त मेण शिल्लक, मेणबत्ती मात्र संपलेली.

घेणारा मेणाला नावं ठेवतो. मेणाचा बिचाऱ्याचा त्यात बहुधा काहीच दोष नसतो. वात चुकलेली असते, आणि करणाऱ्याला ते ठाऊक नसतं, कारण त्याने तशी एकही मेणबत्ती बुडापर्यंत जाळून पाहिलेली नसते. सोया मेण वितळवणं, सुगंध मिसळणं, ओतणं हे एका संध्याकाळचं काम आहे. ती नीट जळते की नाही हे बघायला महिना लागतो. या छंदातला, आणि छंदातून झालेल्या धंद्यातला, सगळा कस त्या महिन्यात लागतो.

सोया मेण तसं अगदी अलीकडचं. मेण म्हणजे मुळात मधमाश्यांचं. ते महाग, म्हणून युरोपातली गरीब घरं शतकानुशतकं जनावरांच्या चरबीच्या, धूर ओकणाऱ्या मेणबत्त्यांवर दिवस काढत होती. एकोणिसाव्या शतकात आधी स्टिअरिन आणि मग खनिज तेलातून निघणारं पॅराफिन आलं, आणि पॅराफिनने बाजार काबीज केला. सोयाबीनची पाळी आली ती थेट 1990च्या दशकात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले मेणबत्तीवाले मायकेल रिचर्ड्स मधमाशीच्या मेणाला स्वस्त पर्याय शोधत होते, आणि आयोवात नजर जाईल तिकडे सोयाबीनची शेतं.

तेलाचं मेण कसं होतं, हे आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांना वेगळं सांगायला नको. पातळ तेलात निकेलच्या साक्षीने हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात 1932 साली याच रीतीने वनस्पती तूप तयार होऊ लागलं, आणि पुढे ‘डालडा’ हा शब्द घरोघरी गेला. ती प्रक्रिया आणखी पुढे नेली की तूप मऊ राहत नाही, त्याच्या पांढऱ्या कडक पापड्या पडतात. सोया मेण म्हणजे नात्याने डालड्याचा कडक भाऊ. सोयाबीनमध्ये वजनाच्या साधारण 18 ते 20 टक्के तेल असतं. म्हणजे लातूरच्या बाजारातलं किलोभर सोयाबीन घेतलं, तर त्यातलं तेल जेमतेम एका मध्यम ग्लासाला पुरेल.

त्या ग्लासाचाच हिशेब करून पाहू. 7 सेंटिमीटर व्यासाचा जाड काचेचा ग्लास, त्यात 200 मिलिलिटर जागा. हे मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्यात भरतं सुमारे 180 ग्रॅम. सुगंध मेणाच्या 8 टक्के धरला तर 167 ग्रॅम मेण आणि 13 ग्रॅम सुगंधी तेल. दोन्ही वजनकाट्यावर मोजायची. इथे चमचा चालत नाही. एकाच चमच्यात एक तेल हलकं भरतं, दुसरं जड. नवशिक्यांचा हात सुगंधाच्या बाबतीत सैल असतो. पण मेण आपल्या कुवतीइतकंच तेल धरतं. जास्तीचं तेल वर घामासारखं सुटतं, नाहीतर वातीत अडकून बसतं.

मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, भांड्यात मेण. थर्मामीटर लागतोच. कंटेनरमध्ये ओतायची बरीचशी सोया मेणं 50 अंशांच्या आगेमागे वितळतात, पण सुगंध घालायचा तो साधारण 85 अंशांना. मग दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, हवा आत कोंडणार नाही असं. ओतायचं तापमान जो तो विक्रेता वेगळं सांगतो. बरेच जण 55 ते 60 अंशांपर्यंत थांबतात. वर खड्डे पडले तर केस वाळवायच्या ड्रायरने वरचा थर पुन्हा वितळवता येतो. चुकून मेणाने पेट घेतलाच तर कढईतल्या तेलाचाच नियम लागू: पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण टाकायचं.

घरातलं अत्तर किंवा स्प्रे यात घालू नये, त्यातल्या अल्कोहोलचा ज्योतीजवळ भरवसा नाही. खाण्याचा पाण्यातला रंग मेणात मिसळतच नाही. मुलांचे मेणाचे खडू मिसळतात, पण वात तुंबवतात. आणि त्या वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या! फोटोत छान दिसतात. मेण वितळलं की त्या तरंगत ज्योतीकडे सरकतात आणि दुसरी वात बनून पेटतात. त्या न घातलेल्याच बऱ्या.

मेणबत्ती गार झाली की तयार झाली, असं सोया मेणाच्या बाबतीत होत नाही. ते दिवसेंदिवस आतल्या आत स्फटिक बांधत राहतं. म्हणून झाकण लावून आठ-पंधरा दिवस ती मुरू देतात, लोणच्यासारखी. मुरलेल्या मेणबत्तीचा वास पेटवल्यावर जास्त चांगला सुटतो, असा बहुतेक करणाऱ्यांचा अनुभव. याच स्फटिकांमुळे काही दिवसांनी अंगावर पांढुरकी बुरशीसारखी नक्षी उमटते. जुन्या चॉकलेटवर येते तसलीच. ती दिसायला खराब, पण जळण्यात त्याने काही बिघडत नाही. व्हॅनिलाचा सुगंध घातला असेल तर पांढरंशुभ्र मेण हळूहळू चहाच्या रंगाचं होतं. तो व्हॅनिलिनचा गुण.

आता वात. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61च्या नाताळात मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. विझवलेल्या मेणबत्तीच्या वर उठणाऱ्या धुराच्या रेघेला काडी लावली तर ज्योत त्या रेघेवरून उडी मारून खाली वातीवर येते, हा त्यांचा प्रयोग आजही घरी करून बघण्यासारखा आहे. मेण घन असताना जळत नाही, पातळ झाल्यावरही नाही. जळते ती त्याची वाफ. वात हा पंप आहे. तळ्यातलं मेण वर ओढायचं आणि ज्योतीला पुरवायचं, हेच तिचं काम. बारीक वात कमी मेण ओढते, ज्योत किरकोळ राहते, तळं कडेपर्यंत पोचत नाही आणि विहीर पडते. जाड वात जास्त ओढते. ज्योत उंच होऊन थरथरते, काजळी धरते, काच हात लावू न देण्याइतकी तापते.

मग 7 सेंटिमीटरच्या ग्लासाला कोणती वात? विक्रेत्यांकडे तक्ते असतात, पण तक्त्यावरून फक्त सुरुवात कुठून करायची तेवढं कळतं. तोच ग्लास, तेच मेण, तीच वात मोगऱ्याला उत्तम चालते आणि व्हॅनिलाला बुडते, कारण जड तेल वातीतून नीट चढत नाही. सुगंध बदलला की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

ही परीक्षा घेतात तरी कशी? एकसारख्या तीन ग्लासांत तीन आकारांच्या वाती लावायच्या: तक्त्यातली, तिच्याहून एक घर बारीक, एक घर जाड. वहीत प्रत्येकीचं पान. वात 5-6 मिलिमीटर ठेवून बाकीची कापायची, ग्लास सपाट जागी ठेवायचा, पंखा बंद करायचा, वजन लिहायचं, पेटवायची. दर तासाला तळ्याचा व्यास मोजायचा. चार तासांनी विझवायची. फुंकर नको, दिव्याला फुंकर मारू नये असं घरातली म्हातारी माणसं सांगतात ते इथेही खरं, नाहीतर खोलीत धूर होतो आणि मेण उडतं. झाकण ठेवलं की ज्योत आपोआप शांत होते. गार झाल्यावर पुन्हा वजन. चार तासांत 18 ग्रॅम मेण गेलं असेल तर ताशी साडेचार ग्रॅम, म्हणजे 180 ग्रॅमची मेणबत्ती सुमारे 40 तास चालेल. दुसऱ्या दिवशी वातीच्या टोकावरची काजळी झाडून, वात कापून, पुन्हा चार तास. असे दहा दिवस.

पहिल्याच दिवशी तळं कडेला भिडलं की नवशिका खूश होतो. मुरलेला माणूस तेव्हाच कपाळाला आठ्या घालतो. ज्योत वर असते तेव्हा तिची उष्णता मोकळ्या हवेत जाते. ती ग्लासात अर्ध्यावर उतरली की भोवतीची काच उष्णता कोंडून धरते आणि तीच वात एकदम गरम चालायला लागते. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत कडेला मेणाची पातळ कड राहिली तर ती राहू द्यावी. पुढच्या दिवसांत ती बहुधा आपसूक वितळते. पहिल्या दिवशी आदर्श वाटणारी वात आठव्या दिवशी काच काळी करते. अर्धी मेणबत्ती जाळून ‘टेस्ट केलीय’ म्हणणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, आणि धोका नेमका त्या खालच्या अर्ध्यातच असतो.

अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेच्या मेणबत्तीविषयक निकषात ज्योतीच्या उंचीला 75 मिलिमीटरची मर्यादा आहे. ती सुरक्षिततेची कमाल झाली. घरातल्या ग्लासात ज्योत त्याच्या निम्म्यानेही उंच दिसली तर वात बदलावी. ग्लासही जाड काचेचा आणि उष्णता सोसणारा हवा, सरबताचा नाजूक पेला नव्हे.

वासाची परीक्षा त्याहून अवघड, कारण नाक लवकर थकतं. दिवसभर मोगरा मिसळणाऱ्या माणसाला संध्याकाळी मोगरा येतच नाही. अत्तराच्या दुकानात नाक ‘स्वच्छ’ करायला कॉफीच्या बिया हुंगवतात, पण तपासून पाहिलं तेव्हा साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा बाहेर चक्कर मारून यावं, किंवा शेजारच्या काकूंना दाराशी उभं करून विचारावं.

‘सोया म्हणजे काजळी नाही’ हे जाहिरातीतलं वाक्य मात्र जसंच्या तसं गिळू नये. ज्योत पिवळी दिसते तीच मुळी आतल्या काजळीच्या तापलेल्या कणांमुळे, हे फॅरडे यांनीच दाखवलं होतं. मेण कुठलंही असो, वात लांब राहिली किंवा वर पंखा गरगरत असला की काजळी येणारच. आणि पंखा लावून मेणबत्ती पेटवणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून दहापैकी एखादा दिवस मुद्दाम पंख्याखाली जाळून बघावा. सोयाचा खरा फायदा वेगळाच आहे: सांडलेलं मेण गरम पाण्याने आणि साबणाने निघतं. ते सिंकमध्ये मात्र ओतू नये, पुढे पाइपात गार होऊन बसतं.

आपल्या हवेचीही एक परीक्षा असते. 46 ते 49 अंशांना वितळणारं मऊ सोया मेण थंड देशांत लोकप्रिय आहे. मे महिन्यात नागपूरची हवाच 45 अंशांच्या घरात जाते. कुरिअरच्या बंद गाडीत त्याहून जास्त. तिथे पाठवलेल्या मेणबत्तीचं तेल सुटलं तर नवल नाही. अशा गावांसाठी जरा जास्त तापमानाला वितळणारं मेण घ्यावं आणि एक ग्लास दुपारभर उन्हात ठेवून आधीच बघावं. जाळताना शेवटचं सेंटिमीटरभर मेण सोडून द्यावं. त्याखाली गेलं की ज्योत काचेच्या बुडालाच तापवते.

दिवाळीला स्वतः केलेल्या मेणबत्त्या द्यायच्या असतील, तर दिवस उलटे मोजून बघावेत. पहिली खेप मुरायला 14 दिवस, जाळायला 10. वात सुधारून दुसरी खेप, पुन्हा 14 आणि 10. मग भेटीची खेप मुरायला आणखी 14. झाले 62. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण 55 दिवस असतात, म्हणजे गणपतीत सुरुवात केली तरी उशीर. मेण वितळवायला घ्यायचं ते नारळी पौर्णिमेला.