'लई डेंजर पुस्तक आहे' हे मत मोजायचं कसं?

पेट झाली की सिनॉप्सिसची घाई सुरू होते. मग कुणीतरी सुचवतं, "वाचकांची मतं घे, सोपं काम आहे." सोपं अजिबात नाही.

जयवंत दळवींची 'अंधाराच्या पारंब्या' घ्या. याच कादंबरीवरून त्यांनी 'बॅरिस्टर' नाटक लिहिलं. विजया मेहतांनी ते बसवलं आणि पुढे त्यावर 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपटही केला. जुना वाडा, केशवपन केलेली मावशी, घराण्यातलं वेड आपल्यालाही गाठेल या भीतीत जगणारा माणूस. वाचनालयात ही कादंबरी थ्रिलरच्या कपाटात सापडणार नाही, पण इथे भीती बाहेरून येत नाही, घरातच असते.

आता आपल्या जालन्यात दोन वाचक म्हणाले, "लई डेंजर पुस्तक आहे." एकाने रात्रीत संपवलं, दुसऱ्याने अर्ध्यात ठेवून दिलं. शब्द तेच, मतं उलटी. म्हणून मतासोबत कृतीही विचारा: कुठे थांबलात, का थांबलात?

लेखकाचं नावही मत घडवतं. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि लेखी अभिप्राय घेतले. 1929 च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये ते आहेत. चांगली शिकलेली मुलंही साधा अर्थ लावताना अडखळली होती. मुलाखतीआधी उतारा द्यायचा असेल, तर हीच युक्ती वापरा.

पुढचं काम कोडिंगचं. दोघांनी स्वतंत्रपणे प्रत्येक मताला 'अस्वस्थ झाले' किंवा 'नाही' असं लेबल लावायचं. समजा, दोघांचं 86 टक्के जुळलं. छान वाटतं ना? पण दोघेही 90 टक्के मतांना 'अस्वस्थ' म्हणत असतील, तर नुसत्या योगायोगानेच 82 टक्के जुळतं (0.9 × 0.9 + 0.1 × 0.1). मग कोहेनचा कप्पा येतो (0.86 − 0.82) ÷ (1 − 0.82), म्हणजे जेमतेम 0.22. मी विज्ञानाची असल्यामुळे असेल, पण नुसती टक्केवारी लिहिलेला प्रबंध मला पटत नाही.

सगळ्यात अवघड भाग मात्र आकड्यांचा नाही. एखादी वाचक सहज बोलून जाते, "आमच्या घरी असंच होतं." तिथे ते पुस्तकावरचं मत राहत नाही. रेकॉर्डर बंद करा आणि हे वाक्य वापरायचं का, ते तिला पुन्हा विचारा. आधी घेतलेली सही इथे पुरत नाही. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हाही गैरसमज आहे. "अंबड तालुका, शिक्षिका, वय 34, एकत्र कुटुंब" एवढं छापलं तर अख्खं गाव तिला ओळखेल, आणि त्या घरात तिला राहायचं आहे. तालुका काढा, वय "तिशीतील" करा, व्यवसाय गाळा. तरीही ओळख पटत असेल, तर ते वाक्य प्रबंधात घेऊ नका. गाईड म्हणाले "हाच तर सगळ्यात भारी डेटा आहे", तरीसुद्धा.