नाव घातलेला तांब्या

छत्तीसगडात मराठी माणूस दोन वाटांनी आला. नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांची १७४१ ची स्वारी रतनपुरावरून गेली, पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथूनच कारभार पाहिला, आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा करेपर्यंत हा मुलूख भोसल्यांचाच होता. दुसरी वाट पोलादाची. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ ला झालं आणि नोकरीच्या निमित्ताने किती तरी मराठी संसार दुर्ग-भिलाईत स्थिरावले. भिलाईतल्या कोहक्यासारख्या भागात जुनी पाण्याची भांडी पाहायची, तर या दोन्ही वाटा ध्यानात ठेवाव्या लागतात. इथे महाराष्ट्रातला तांब्या-फुलपात्र आणि छत्तीसगडी कांस्याचा लोटा एकाच शहरात भेटतात.

पाहुण्यापुढे आधी पाण्याचा लोटा ठेवणं हा इथला मोठा मान. याच प्रदेशातलं चांपा गाव कोसा (रेशीम), कांसं आणि कंचन (सोनं) यांसाठी नावाजलेलं आहे. चांगल्या कांस्यात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथिल असतं. बोटाने टिचकी मारली तर नाद लांबत जातो. नाद बद्द आला तर भांड्याला चीर असण्याची शंका घ्यावी. कांसं कडक असतं, पण पडलं तर फुटतं. अमेरिकी रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ च्या आपल्या भारतविषयक अहवालात लोट्याच्या घडणीचं मनापासून कौतुक केलं होतं.

माझ्या मते संग्राहकाने आधी पाहावं ते भांड्यावर घातलेलं नाव. छिन्नीच्या ठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव, देणाऱ्याचं नाव, कधी गाव, लग्न-मुंजीची तारीख. गाव सोडून आलेल्या घरांकडे याहून जुना कागद बहुधा नसतो. म्हणून असं भांडं यंत्रावर घासून चकचकीत करू नये, अक्षरं झिजतात. स्टीलच्या हौसेपायी अशी किती नावं मोडीत वितळली, याचं मला फार वाईट वाटतं. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, म्हणून राजा केळकर संग्रहालयात जुनी घरगुती भांडी आज पाहायला तरी मिळतात.

भांडी कपाटात कोंडू नयेत, रोज वापरावीत. फक्त काय कशात प्यायचं हे कळायला हवं. तांब्याच्या भांड्यात साधं पाणी ठेवावं. ताक, लिंबाचं सरबत, कोकम तांब्या-पितळेत कळकतं. त्यासाठी कल्हई हवीच. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कल्हईवाला कथिल फिरवतो. २३२ अंशांना वितळणारं ते कथिल शुद्ध असावं, त्यात शिसं मिसळलेलं नसावं. कल्हई उडालेला पेला पुन्हा कल्हई होईपर्यंत बाजूला ठेवावा. जुन्या रंगीत चिनी मातीच्या कपांच्या झिलईतही शिसं असू शकतं. ते शोभेलाच बरे.

यंदा दिवाळीला माळा आवरताना मोडीत काढायचं प्रत्येक भांडं आधी उजेडात धरा. त्यावरचं नाव वाचा, वहीत उतरवा, आणि भांडं घरातच राहू द्या.