चेन, टॅन, त्रान : आडनाव एकच

लग्नानंतर आडनाव बदललं की पासबुकावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं. गटाचं काम करताना हा घोळ आम्ही नेहमी निस्तरतो. म्हणून आज चीनमधल्या ‘चेन’ आडनावाची गोष्ट सांगतो.

सुमारे 3000 वर्षांपूर्वी चौ घराण्याच्या राजाने ग्वेइ कुळातल्या मान नावाच्या माणसाला चेन हे छोटं राज्य दिलं. ते आजच्या हनान प्रांतात होतं. पुढे शेजारच्या चू राज्याने ते गिळलं. राज्य गेलं, पण वंशजांनी त्याचं नाव आडनाव म्हणून जपलं. माणसं दक्षिणेला, समुद्रापार गेली. कँटनी बोलीत ‘चॅन’ झालं, सिंगापुरात ‘टॅन’, व्हिएतनाममध्ये ‘त्रान’. चिनी लिपीतलं अक्षर मात्र एकच.

आडनाव या अर्थाच्या चिनी अक्षरात ‘बाई’ आणि ‘जन्म’ अशी दोन चिन्हं आहेत. चीनमध्ये चेनांची लेक लग्नानंतरही चेनच राहते. 1950 च्या विवाह कायद्याने नवरा-बायको दोघांनाही आपापलं नाव ठेवायचा हक्क दिला.

आपल्याकडेही आडनाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. बदलायचं की नाही, तुम्ही ठरवा. पण जे ठेवाल, ते सगळ्या कागदांवर एकच ठेवा.