खड्डे खोदायची मशीन घेताय? मग खड्ड्याचा दर असा काढा



अर्थ ऑगरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय. "सर, एका खड्ड्याचे किती घ्यायचे?" मशीन चालवताना हात-पाय कसे सांभाळायचे, हे मात्र कोणी विचारलं नाही. माझ्या मते हे दोन प्रश्न एकच आहेत. कसं, ते सांगतो.

काम भरपूर आहे, यात वाद नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याची लागवड चालते. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत रानडुकरं आणि रोह्यांपासून पीक वाचवायला तारेचं कुंपण लागतं. हिशेब बघा : चौकोनी एकराच्या चारही बाजू मिळून साधारण 835 फूट होतात. दर 10 फुटांवर एक खांब धरला तर 84 खड्डे झाले. संत्रा 20 बाय 20 फुटांवर लावला तर एकरी 108 झाडं. पैसे खड्ड्यावर मिळतात, म्हणून आपण घाई करतो. आणि दुखापत घाईतच होते.

माझ्याकडे प्रशिक्षणाला आलेला एक पोरगा होता. मे महिना, कुंपणाचा ठेका, संध्याकाळपर्यंत काम संपवायचं होतं. काळ्या मातीखालच्या मुरमात गोटा लागला. बिट थांबला, इंजिन थांबलं नाही. मग ती सगळी ताकद हँडलमध्ये आली, मशीनने उलटा झटका मारला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मशीन घरात पडून, बँकेचा हप्ता मात्र चालू. मी विचारलं, रेस सोडली का नाहीस? म्हणाला, "सोडाले टाईमच नाही भेटला सर."

खरंच भेटत नाही. म्हणून तयारी झटक्याच्या आधीची हवी. हात ताणून मशीन लांब धरू नका. पाय फाकवून घट्ट उभे राहा, मशीन अंगाजवळ ठेवा, अंगठे हँडलभोवती गुंडाळा. रेस कमी ठेवून बिटाला जमिनीत जागा धरू द्या, मगच वाढवा. वरून अंगाचा भार टाकू नका, दाबल्याने बिट लवकर अडकतो. तीन-चार इंच गेला की वर उचला, माती बाहेर पडू द्या, पुन्हा खाली. एका माणसाची मशीन एकानेच धरायची. मदतनीस वीसेक फूट लांब. तो दुसरं हँडल धरून "जोर लावतो" म्हणाला तर ठाम नाही म्हणा, कारण झटका बसला की दोघं दोन दिशांना ओढतात.

बिट अडकलाच तर रेस देऊन काढायचा नाही. इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा आणि मशीन हाताने उलटी फिरवून सोडवा. बिटाला चिकटलेली माती काढतानाही हाच नियम.

सकाळी काम सुरू करण्याआधी अर्धा मिनिट द्या. इंजिन चालू करून रेस पूर्ण सोडा. बिट फिरायला नको. फिरत असेल तर आयडल जास्त आहे किंवा क्लच गेलाय. आधी मेकॅनिककडे जा, शेतात नंतर. गळ्यातला दुपट्टा गाडीवर ठेवा. हो, मे महिन्यातही. डोक्याला टोपी बांधा, पण लोंबणारं कापड अंगावर नको. बूट, चष्मा आणि कानाला मफ घाला. दोन-स्ट्रोक इंजिनाचा आवाज दिवसभर ऐकला की रात्री कान वाजतात.

आता आपली काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळून दगड होते, पावसात बिटाला लाडवासारखी चिकटते. वाफशावर काम सर्वात सोपं. पण लागवडीचे खड्डे एप्रिल-मेमध्येच हवे असतात, माती तापावी म्हणून. अशा वेळी शेतकऱ्याकडे पाणी असेल तर खुणेच्या जागा दोन दिवस आधी भिजवायला सांगा. आणि एक बाब प्रामाणिकपणे सांगा. संत्र्याच्या कलमाला दोन-अडीच फुटी चौकोनी खड्डा सांगतात, तुमचा बिट फूटभराचा. म्हणजे मधली माती मशीन सैल करते, बाजू फावड्यानेच काढाव्या लागतात. ओल्या मातीत बिट खड्ड्याच्या भिंती घोटून गुळगुळीत करतो, त्या सब्बलीने खरडून द्या, नाहीतर पाणी मुरत नाही आणि मुळं आत गोल फिरतात.

खड्डे आखताना शेतमालकाला सोबत फिरवा. ठिबकची मेन लाईन कुठून गेलीय, मोटरची केबल कुठे आहे, हे विचारून त्यावर फक्की टाका. "मालूम नाही बाप्पा" असं उत्तर आलं, तर तो पट्टा हाताने खोदायचा. पाईप फुटला तर भरून देता येतो, चालू केबल लागली तर माणूस जातो.

पेट्रोलचं थोडक्यात. ऑईलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं. 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50:1 म्हणजे 20 मिली. अंदाजे ओतू नका. गरम इंजिनात कधीच भरू नका. दहा मिनिटं सावलीत थांबा, तेवढ्यात तुम्हीही पाणी प्या. भरल्यावर मशीन कॅनपासून लांब नेऊन चालू करा. बिडीवाल्याला आधीच हटवा. पॉलीहाऊससारख्या बंद जागेत हे इंजिन चालवायचं नाही, धुराने माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आता दर. सरसकट भाव सांगू नका. आधी शेतात जाऊन दोन-तीन खड्डे करून बघा, मग भुसभुशीत, कडक काळी आणि मुरमाड असे तीन भाव लावा. भावात मदतनीसाची मजुरी, दुपारची सुट्टी (मी 11 ते 4 बंदच सांगतो) आणि दर अर्ध्या तासाला माणूस बदलण्याचा वेळ धरा. हे सगळं धरून भाव परवडत नसेल तर तो ठेका सोडा. खांब किंवा झाड लगेच लागणार नसेल तर खड्ड्यावर फळी-गोटा ठेवायची जबाबदारी कोणाची, हे पावतीवर लिहा. रात्री त्यात वासराचा पाय जातो, कधी पोराचा.

नुसती मशीन भाड्याने द्यायचा मोह होईल. देऊ नका. चालक आपलाच पाठवा. त्याला इजा झाली तर भरपाईला आपल्यालाच उभं राहावं लागतं, म्हणून त्याचा आणि तुमचा अपघात विमा काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये कापले जातात, अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. वय 18 ते 70, बँक खातं हवं. मनगट मोडलं तर त्यातून काही मिळत नाही, हे लक्षात घ्या, त्यासाठी वेगळी पॉलिसी बघा. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं, त्यामुळे मेअखेरीस खात्यात पैसे ठेवा. आपला खड्ड्यांचा सीझनही नेमका तेव्हाच असतो.