मोजणी यंत्राची आतली विद्या
उपग्रहीय भूमापनात फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, पवना जलाशयाच्या परिसरात, तिकोणा ऊर्फ वितंडगडाच्या पायथ्याशी तिकोणा पेठ हे गाव वसले आहे. साडेतीन हजार फुटांच्या आसपास उंची असलेला हा त्रिकोणी माथ्याचा गड शिवकालापासून पवन मावळावर पहारा देत उभा आहे. गडाच्या उतारावर आणि खालच्या खोऱ्यात भाताची खाचरे पायऱ्यांसारखी रचलेली दिसतात. दोन खाचरांमधील बांध म्हणजे केवळ मातीचा ढिगारा नव्हे. एका कुटुंबाचा हक्क कोठे संपतो आणि दुसऱ्याचा कोठे सुरू होतो, हे सांगणारी ती रेषा आहे. पुणे व मुंबई या दोन महानगरांच्या सान्निध्यामुळे या भागात जमिनीची किंमत आता गुंठ्यावर ठरते, आणि म्हणूनच मोजणीतील वीतभर फरकही भावाभावांत वितुष्ट आणण्यास पुरेसा ठरतो.

ही मोजणी आता मोठ्या प्रमाणावर उपग्रहांच्या साहाय्याने होऊ लागली आहे. यंत्र नवे आले, त्याबरोबर एक नवी दक्षताही आली. यंत्राच्या आत वसलेली आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, वेळोवेळी अद्ययावत करण्याची ही दक्षता आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, ग्राममहसूल अधिकाऱ्यांनी आणि शिक्षकांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

साखळीपासून रोव्हरपर्यंत

मुंबई इलाख्यातील शास्त्रशुद्ध महसुली मोजणीचा पाया एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यात घातला गेला. प्रिंगल यांच्या मोजणीतील दोष ध्यानात आल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास नवी पद्धत घालून दिली. त्या मोजणीचे मुख्य साधन होते ३३ फुटांची साखळी. अशा साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, गुंठ्याचे सोळा आणे आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे कोष्टक महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही तोंडपाठ आहे.

साखळीनंतर फलकयंत्र आले, पुढे प्रकाशकिरणांनी अंतर मोजणारी इ.टी.एस. यंत्रे आली आणि आता रोव्हर आला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सहकार्याने राज्यात ७७ ठिकाणी अखंड कार्यरत संदर्भ केंद्रे, म्हणजेच ‘कॉर्स’ केंद्रे, उभारण्यात आली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील गावठाणांच्या ड्रोन मोजणीलाही याच पद्धतीच्या संदर्भजाळ्याचा आधार मिळतो.

सेंटिमीटरची अचूकता कशी साधते?

जी.पी.एस. चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड संदेश पाठवीत असतात. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहापर्यंतचे अंतर काढते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे कालगणनेतील अत्यल्प चूकही किती महाग पडते हे सहज उमगते. साध्या मोबाइलमध्ये ही चूक काही मीटरपर्यंत जाते. रस्ता शोधण्यास तेवढे पुरते, बांध ठरविण्यास मुळीच पुरत नाही.

रोव्हर याहून सूक्ष्म मार्ग पत्करतो. उपग्रहाच्या संदेशाला वाहून आणणाऱ्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. या लहरीचा अंश रोव्हर काही मिलिमीटरपर्यंत मोजू शकतो. प्रश्न उरतो तो असा की, उपग्रह व यंत्र यांच्यामध्ये अशा पूर्ण लहरी किती? हा पूर्णांक शोधण्यासाठी रोव्हरला जोडीदार लागतो. स्थान अचूक ठाऊक असलेले संदर्भ केंद्र तेच उपग्रह त्याच क्षणी पाहते आणि दुरुस्तीचे आकडे रोव्हरला कळविते. त्या आधारे रोव्हर पूर्णांकाचे कोडे सोडवितो आणि एकदोन सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देतो.

धोका असतो तो येथेच. कोडे चुकीचे सुटले तरी यंत्राच्या पडद्यावर ‘स्थान निश्चित’ असा संकेत झळकू शकतो आणि प्रत्यक्षात खूण कित्येक सेंटिमीटर सरकलेली असते. शंभर मीटर लांबीचा बांध ३० सेंटिमीटरने सरकला, तर ३० चौरस मीटर जमीन इकडची तिकडे होते. जुन्या कोष्टकात सांगायचे तर हे क्षेत्र गुंठ्याचे जवळजवळ पावणेपाच आणे भरते.

फर्मवेअर म्हणजे काय?

रोव्हरचा पृष्ठभाग, आकाशक आणि विद्युत घट डोळ्यांना दिसतात. उपग्रह ओळखणे, लहरी मोजणे, संदर्भ केंद्राची भाषा समजणे, कोडे सोडविणे आणि उत्तर विश्वसनीय आहे की नाही हे ठरविणे, ही सारी कामे मात्र आतील आज्ञावली करते. यंत्र बंद केले तरी ती पुसली जात नाही. हेच फर्मवेअर होय. भूकरमापक जसा प्रशिक्षणाने नवे नियम शिकतो, तसे यंत्र नव्या फर्मवेअरने नवी विद्या शिकते.

ही विद्या जुनी का होते, याची प्रमुख कारणे तीन आहेत.

पहिले कारण आकाशातील बदलांचे आहे. आरंभी जी.पी.एस. हीच मुख्य प्रणाली होती. नंतर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या प्रणाली तिच्या जोडीला आल्या. भारताच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला, तर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एन.व्ही.एस.-०१ या उपग्रहापासून या प्रणालीत एल-१ या नव्या पट्ट्याची भर पडली. जुन्या फर्मवेअरला नव्या उपग्रहांचे क्रमांक व नवे संदेश ओळखता येत नाहीत. तिकोणा पेठसारख्या गावात याचे महत्त्व विशेष आहे. एका बाजूस गडाचा कडा आणि पावसाळ्यात दाटलेली झाडी यांमुळे आकाशाचा मोठा भाग झाकला जातो. उघड्या माळावर थोड्या उपग्रहांवर निभावते, परंतु डोंगराच्या कुशीत प्रत्येक जादा उपग्रह मोलाचा ठरतो.

दुसरे कारण भाषेचे आहे. संदर्भ केंद्र आणि रोव्हर यांच्यातील संभाषणासाठी आर.टी.सी.एम. नावाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि त्याच्याही सुधारित आवृत्त्या निघत असतात. केंद्र नव्या आवृत्तीत बोलू लागले आणि रोव्हर जुन्याच आवृत्तीवर राहिला, तर दुरुस्तीचे आकडे पोहोचूनही त्यांतील काही भाग वा सर्वच मजकूर वाया जातो.

तिसरे कारण कालगणनेचे आहे. जी.पी.एस. ची आठवड्यांची मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली. मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकासाठी केवळ दहा द्विमान अंकांची जागा ठेवलेली असल्यामुळे १०२३ नंतर पुन्हा शून्य येते. मोटारीच्या अंतरमापकाचे आकडे संपून पुन्हा शून्यावर यावेत, तसाच हा प्रकार आहे. भारतीय वेळेनुसार २२ ऑगस्ट १९९९ आणि ७ एप्रिल २०१९ रोजी असे घडले. पुढील वेळ २१ नोव्हेंबर २०३८ रोजी येईल. कोणते आवर्तन चालू आहे हे फर्मवेअरला ठाऊक नसेल, तर यंत्र सुमारे १९ वर्षे ७ महिने मागची तारीख दाखविते. २०१९ मध्ये न्यू यॉर्क शहराची बिनतारी दळणवळण यंत्रणा याच कारणाने काही दिवस कोलमडली होती. काही यंत्रे आवर्तनाचा अंदाज आपल्या फर्मवेअरच्या निर्मितीच्या तारखेवरून बांधतात, त्यामुळे त्यांच्यात हा दोष अधिकृत दिवस सोडून भलत्याच दिवशी उद्‌भवतो. मोजणीच्या नोंदीवर चुकीची तारीख पडली, तर वादाच्या वेळी त्या नोंदीचे मोल काय राहील?

अद्ययावत करताना घ्यावयाची काळजी

फर्मवेअर बदलणे हे काही मिनिटांचे काम असले तरी ते घाईने करण्याचे नव्हे. मोजणीच्या ऐन दिवशी, शेतात उभे राहून ते कदापि करू नये. प्रथम यंत्रातील सर्व मोजणीची माहिती संगणकावर उतरवून घ्यावी. विद्युत घट पूर्ण भरलेला असावा, कारण निम्म्यावर वीज तुटली तर यंत्र निकामी होण्याचा संभव असतो. त्याच प्रतिकृतीच्या यंत्रासाठी उत्पादकाने अधिकृतपणे दिलेली संचिकाच वापरावी, परस्पर मिळालेली वापरू नये. तात्पुरते संदर्भ यंत्र व रोव्हर अशी जोडी वापरली जात असेल, तर दोघांची आवृत्ती परस्परांशी जुळते की नाही हे पाहावे. कार्यालयात अनेक यंत्रे असल्यास प्रथम एकच बदलून पारखावे आणि नंतर इतरांस हात लावावा.

खरी कसोटी यापुढे आहे. ज्याचे स्थान आधीच निश्चित आहे अशा बिंदूवर यंत्र उभे करून मोजणी घ्यावी. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि काही वेळाच्या अंतराने तीच मोजणी पुन्हा करावी. उत्तरे दोनतीन सेंटिमीटरच्या आत जुळली, तरच यंत्र कामाला लावावे. जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, दिनांक व पडताळणीचे आकडे यांची नोंद नोंदवहीत ठेवावी. अद्ययावत करताना यंत्रातील काही मांडणी मूळपदावर जाऊ शकते. दांडीची उंची, आकाशकाचा प्रकार व निर्देशांक पद्धती या बाबी म्हणूनच पुन्हा तपासाव्यात. दांडीची उंची चुकली, तर उत्कृष्ट फर्मवेअरही बिंदूची खरी उंची सांगू शकणार नाही.

फर्मवेअरच्या मर्यादा

नव्या आज्ञावलीने सर्व दोष नाहीसे होतात असा समज करून घेणे योग्य नाही. नव्या लहरी पकडण्याची क्षमता ज्या यंत्राच्या मूळ घडणीतच नाही, त्याला ती फर्मवेअर देऊ शकत नाही. कड्यावरून वा पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींचा उपद्रव कमी करता येतो, पूर्णतः टाळता येत नाही. खोऱ्यात मोबाइलचे जाळे क्षीण असेल तर दुरुस्तीचे आकडे येणारच नाहीत. अशा ठिकाणी ज्ञात बिंदूवर स्वतंत्र संदर्भ यंत्र मांडावे लागते. भारतीय भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. त्यामुळे निर्देशांक कोणत्या संदर्भचौकटीतील व कोणत्या काळचे आहेत, हे नमूद केल्याशिवाय दोन मोजण्यांची तुलना करता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा कायद्याची आहे. यंत्र बिंदूचे स्थान सांगते, हक्क सांगत नाही. मूळ अभिलेख, जुना नकाशा, जागेवरील वहिवाट आणि लगतच्या खातेदारांची उपस्थिती यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

गावाचा वाटा

हद्दकायम मोजणीच्या वेळी भूकरमापकास दोन प्रश्न नम्रपणे विचारण्याचा अधिकार कोणाही खातेदारास आहे. यंत्राची पडताळणी ज्ञात बिंदूवर केव्हा झाली? शंकास्पद खूण दुसऱ्यांदा मोजली काय? दक्ष कर्मचाऱ्यास अशा प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही, उलट त्याच्या कामावरील विश्वास त्यामुळे वाढतो. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील सर्वेक्षणाच्या खुणा व दगड सुरक्षित राहतील, रस्त्याच्या वा बांधकामाच्या कामात उखडले जाणार नाहीत, याकडे लक्ष पुरवावे. शिक्षकांना तर या विषयात भूगोल, गणित व विज्ञान यांचा सुरेख संगम सापडेल. शाळेच्या अंगणात आखलेला ३३ फुटांचा चौरस मुलांना गुंठा शिकवील, आणि त्याच अंगणावरून जाणाऱ्या अदृश्य लहरी त्यांना आजचे भूमापन शिकवतील.

साखळीच्या काळीही मोजणीदाराला साखळी ताणून लांब झाली नाही ना, हे प्रमाण मापाशी ताडून पाहावे लागे. आजच्या साखळीच्या कड्या लोखंडाच्या नाहीत, एवढाच काय तो फरक. त्या वेळोवेळी तपासल्या तरच तिकोणा पेठच्या खाचरातील बांध जेथे असावयास हवा तेथेच राहील, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतील सलोखाही टिकेल.