बंद चौकट आणि मुकें बटण

कागदी अर्जाच्या कडेला पूर्वीं एक सूचना हटकून छापलेली असे : ‘लागू नसेल तें खोडावें.’ आम्हां शाळामास्तरांचा निम्मा जन्म ती वाचण्यांत गेला. अर्जदार स्वतः विचार करी, कोणता रकाना आपला व कोणता परक्याचा हें ठरवी, आणि नको त्यावर रेघ ओढी. आज अर्ज संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर भरावा लागतो, आणि ती रेघ ओढण्याचें काम आपल्या हातून निघून प्रोग्रॅमकडे गेलेलें आहे. तो एखादी चौकट खुली कशी करतो, बंद कशी करतो, आणि बंद केल्यावर त्याच्याकडे कोणतें कर्तव्य उरतें, याविषयीं आज थोडें बोलणार आहें.

हा विषय केवळ इंजिनियरांचा राहिलेला नाहीं. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश अगोदर मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतेच होत. २०२५ सालीं ती पद्धति साऱ्या राज्याला लागू झाली. ज्या लातूरच्या ‘पॅटर्न’चें नांव ऐकून बाहेरगांवचीं मुलें येथें शिकावयास येतात, त्या लातुरांत आणि शेजारच्या नांदेडांतहि अकरावीची वाट आतां पडद्यावरील चौकटींतून जाते.

एक साधें उदाहरण घेऊं. अर्जांत जिल्हा, तालुका व गांव अशा तीन चौकटी आहेत. आरंभीं जिल्ह्याची चौकट खुली व बाकीच्या दोन फिकट, बंद. ‘लातूर’ निवडतांच तालुक्याची चौकट उघडते आणि औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर अशीं दहा नांवें दिसतात. चुकून लातूर निवडलें होतें म्हणून तुम्हीं तें बदलून ‘नांदेड’ केलें, तर चांगला प्रोग्रॅम अगोदर निवडलेला औसा पुसून टाकतो, गांवाची चौकट पुन्हा बंद करतो आणि नांदेडचे सोळा तालुके पुढें मांडतो. वाईट प्रोग्रॅम औसा तसाच ठेवून देतो, आणि औसा तालुका नांदेड जिल्ह्यांत जाऊन बसतो !

यामागील युक्ति सोपी आहे. वेबपृष्ठें ज्या खुणांच्या भाषेंत लिहितात ती एचटीएमएल. तिच्या डिसेंबर १९९७ मधील चौथ्या आवृत्तींत ‘डिसेबल्ड’ हा शब्द आला. चौकटीच्या वर्णनांत तो नुसता असला कीं चौकट बंद. येथें नवशिके फसतात. ‘डिसेबल्ड’ याच्यापुढें ‘फॉल्स’, म्हणजे ‘खोटें’, असें लिहिलें तरीहि चौकट बंदच राहते. कारण त्या भाषेंत शब्दाचें असणें तेवढेंच पाहिलें जातें, त्याचें मूल्य नव्हे. उघडावयाची तर शब्दच काढला पाहिजे. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेंतून आज्ञा देतांना मात्र ‘ट्रू’ म्हटलें कीं बंद, ‘फॉल्स’ म्हटलें कीं खुली. अनेक चौकटी एकदम बंद करावयाच्या असतील तर त्यांच्याभोंवतीं ‘फील्डसेट’ नांवाचें कुंपण घालतात व त्या कुंपणालाच तो शब्द लावतात.

आतां लेबलाकडे वळूं. चौकटीशेजारी ‘तालुका’ असें जें लिहिलेलें असतें तें लेबल. विंडोजवर चालणाऱ्या कित्येक प्रोग्रॅमांत लेबलहि निराळें बंद करून फिकट करतां येतें. वेबपृष्ठावर तसें नाहीं. तेथें लेबलाला बंद होणें ठाऊकच नाहीं. तें चौकटीशीं बांधलेलें असतें, पण चौकट मिटली तरी स्वतः ठळकच राहतें. तें फिकट करावयाचें तर रंगाची आज्ञा निराळी द्यावी लागते. माझें म्हणणें असें कीं फार फिकट करूंच नये. वेबपृष्ठें सर्वांना वाचतां यावीं म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशीं उठाव निदान साडेचारास एक असावा असें सांगितलें आहे. परंतु बंद चौकटींना त्यांतून सूट आहे. त्या सुटीचा भार आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांच्या डोळ्यांवर पडतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, बंद चौकटींतील मजकूर अर्जाबरोबर पाठविलाच जात नाहीं. तो दिसावा, बदलतां येऊं नये, पण पोंचावा अशी इच्छा असेल, तर ‘रीडओन्ली’, म्हणजे ‘केवळ वाचण्यासाठीं’, ही निराळी खूण मजकुराच्या चौकटीला लावावी लागते. दुसरी ही कीं, बंद चौकट म्हणजे कुलूप नव्हे. माहीतगार मनुष्य आपल्या ब्राउझरांत तो शब्द पुसून चौकट उघडूं शकतो. म्हणून खरी तपासणी अर्ज जेथें पोंचतो त्या संगणकावर पुन्हा झालीच पाहिजे.

परंतु माझी खरी तक्रार निराळी आहे. मागें शेजारच्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. दिवस शेवटचा. कागदपत्रें सारीं हाताशीं होतीं. पण ‘सादर करा’ हें बटण फिकटच. कितीहि दाबलें तरी हूं नाहीं कीं चूं नाहीं. तासभर आम्हीं सर्व रकाने पुनःपुन्हा वाचले. अखेर सेवा केंद्रावरील एका तरुणानें उत्पन्नाच्या आंकड्यांतील स्वल्पविराम पुसले, आणि बटण जिवंत झालें. वडिलांनीं आंकडा कागदावर लिहितात तसा लिहिला होता; प्रोग्रॅमला नुसते अंक हवे होते. अर्ज गेला. पण ज्या घराला तो तरुण भेटला नाहीं, त्या घरच्या मुलीचें काय झालें असेल ?

१९४८ पर्यंत आमचे हे जिल्हे हैदराबाद संस्थानांत होते आणि कचेरीचा कारभार उर्दूंत चाले. मराठी शेतकऱ्याला कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे व विश्वासानें अंगठा उठवावा लागे. आज अर्ज मराठींत आहे, मुलगी शिकलेली आहे; परंतु बटण कां मिटलें हें तें सांगत नसेल, तर वाचतां येऊनहि ती पुन्हा दुसऱ्याच्याच दारीं उभी राहते.

उपाय अवघड नाहीं. बंद चौकटीशेजारी एक ओळ लिहावी : ‘प्रथम जिल्हा निवडा.’ ‘सादर करा’ हें बटण तर खुलेंच ठेवावें, आणि दाबल्यावर चूक कोठें आहे तें सांगावें : ‘उत्पन्नांत केवळ अंक लिहा.’ ज्यांना दिसत नाहीं व ज्यांचा संगणक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितो, त्यांना तर याची गरज अधिकच. कारण कळफलकावरून एकेक रकाना पुढें जातांना बंद बटण वगळलेंच जातें, आणि तें आहे हेंहि त्यांना कळत नाहीं.

वर्गाचें दार लावून घेण्याचा अधिकार शिक्षकाला असतो. पण बाहेर उभ्या मुलाला दार कां लावलें आणि केव्हां उघडेल, हें सांगणें त्याचें काम आहे. श्रोत्यांपैकीं किंवा त्यांच्या मुलानातवंडांपैकीं जे कोणी असे अर्ज रचीत असतील, त्यांनीं एवढी एक ओळ लिहिण्याचे श्रम जरूर घ्यावे.