अ‍ॅपशिवाय दुसऱ्या बँकेत पैसे
मोबाइलवर अ‍ॅप नसले तरी काही अडत नाही. आपल्या शाखेत जाऊन एनईएफटीचा फॉर्म भरा. किमान रकमेची अट नाही. दर अर्ध्या तासाला व्यवहार पुढे जातात. शाखेतून पाठवताना दहा हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये अधिक जीएसटी, एवढेच शुल्क. दोन लाख किंवा त्याहून मोठी रक्कम तातडीने द्यायची असेल तर आरटीजीएस.

सर्वांत जपायचा तो पैसे घेणाऱ्याचा खाते क्रमांक. पैसे जमा होतात ते केवळ त्या आकड्यावर, नावावर नव्हे. म्हणून फॉर्मवरचा आकडा पासबुकाशी दोनदा ताडून पाहा. अकरा अक्षरी आयएफएससी कोडमध्ये पाचवे चिन्ह शून्य असते, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. खातेदाराचे नाव आधी तपासून देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने 2025 पासून शाखेतही करायला लावली आहे. ज्येष्ठांनी ती हक्काने मागावी.

साध्या फोनवरून *99# डायल करूनही लहान रक्कम पाठवता येते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

शिक्का मारलेली पावती आणि व्यवहाराची ओळख सांगणारा यूटीआर क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.